सत्तर सालची गाठ

खैरवाडी, व्हाया पुणतांबे
१२ मे १९७१

चि. शामकांत,

बावीस वर्षांनी तुझं अंतर्देशीय आलं आणि त्यात एकही वाईट शब्द नाही, म्हणून मागच्या बाजूचं नाव मी दोनदा वाचलं. शा. गो. जोशी, बडोदे. अक्षर तेच, उतरणीला लागल्यासारखं उजवीकडे कललेलं. भीमा पोस्टमनने पत्र हातात दिलं आणि काही कारण नसताना अंगणात घोटाळत राहिला. शेवटी ताक पाजून त्याला वाटेला लावलं. तुझ्या वहिनीला नाव वाचून दाखवलं, तर इंदू तुळशीपाशी मटकन खाली बसली आणि रडली. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकांच्या आनंदाची तऱ्हा वेगळी असते.

तू लिहितोस, पेन्शनीत निघालो, आता महिनाभर गावी येऊन राहावंसं वाटतं. ये. तुझं घर आहे, नाही कोण म्हणतो. पण एवढ्यात नको. ऊन मी म्हणतंय. पुणतांब्याच्या स्टेशनापासून आपल्याकडे अजून बैलगाडीच, दोन कोस. मागच्या खोलीचं छप्पर उतरवलंय. इंदूचे गुडघे धरलेत. पुढच्या वर्षी बघू. नाहीतर असं कर, मीच बडोद्याला येतो. मला बडोदं पाहायचंच आहे.

दोराचं विचारलंस. आहे. तोच, आजोबांनी वळून घेतलेला अंबाडीचा, खाली पितळी वजन. अजूनही अक्षय्य तृतीयेला, पितरांचा करा भरण्याआधी, मी तो गावविहिरीत सोडतो. वजन पाण्याला टेकलं की काठावरच्या खाचेपाशी दोराला हळदीच्या सुताची गाठ मारायची. पाणी खोल गेलं तर गाठ दोरावर पुढे सरकते, वर आलं तर मागे. त्यापलीकडे त्यात मंत्र नाही की तंत्र नाही. हा मान थोरल्या पातीचा, म्हणजे तुमच्या घरचा, हे मी विसरलेलो नाही. काका, म्हणजे तुझे वडील, गेले तेव्हा तू बडोद्याला होतास, तृतीया तोंडावर आली होती, म्हणून मी दोर उचलला. तू नेमका त्या सकाळी येऊन पोचलास आणि चारचौघांत मला चोर म्हणालास. आपण दोघेही तेव्हा तिशीत होतो. तिशीत माणसाला कळत काहीच नाही, आवाज मात्र मोठा असतो.

गाठी आता साठाला एकदोन कमी. जुन्या सगळ्या चौदा हातांच्या आसपास, एकमेकींना खेटून. यंदाची जरा पुढे आहे, एकोणीस हात. गेल्या वर्षीची, सत्तर सालची गाठ मात्र नाही. घरात सुतक होतं, दोर बाहेर काढता येईना. तुला नियम ठाऊकच आहे.

गाव तुला ओळखू येणार नाही. कालवा खालून पुणतांब्याच्या अंगाने गेला आणि आपण वर राहिलो. तू लहानपणी टेकाडावर बसून म्हणायचास, हिरवं सगळं खालच्यांचं आणि पिवळं सगळं आपलं. आता वरच्या मळ्यात तेरा विहिरींवर विजेच्या मोटारी आहेत आणि ऊस डोक्याच्या वर गेलाय. आमच्या ओट्यावरही एक दिवा लागतो. पंचांग वाचायला आता चष्म्याला जोड मिळाली.

तब्येतीला जप. येण्याची घाई करू नकोस.

तुझा,
मार्तंड


खैरवाडी
३० ऑक्टोबर १९७१

चि. शामकांत,

तू कारकुनी केलीस हे पत्रापत्रातून कळतं. साधी एक गोष्ट लिहिली की तिला पाच प्रश्नांची शेपटी लावून परत पाठवतोस. सुतक कोणाचं, किती दिवसांचं, आणि आपल्या भाऊबंदांतलं कोणी गेलं असेल तर मला का कळवलं नाही, मलाही सुतक पाळायला हवं होतं. बरोबर आहे तुझं. पण बडोद्याला तुझा पत्ताच कोणाला ठाऊक नव्हता. आणि गेला तो दूर राहणारा होता. तू त्याला ओळखतोस, पण तो गेला म्हणून तुला फार दुःख होईलसं वाटत नाही. हा विषय इथे पुरे.

त्यापेक्षा मोटारींचं विचारतोस ते सांगतो. अडुसष्ट साली वरच्या मळ्यात पहिल्या पाच बसल्या. सत्तर साली आणखी आठ जणांचे अर्ज गेले. वरचा मळा गावविहिरीच्या डोक्यावर, हे तुला माहीत आहे, आपण तिथल्या बोरी खात मोठे झालो. तालुक्याहून एक साहेब आले. बोलायला मवाळ माणूस. म्हणाले, पाच मोटारींनी दोन वर्षं पाणी ओढलंय, तर गावविहिरीचं पाणी जागेवर आहे का तेवढं पाहू. जागेवर असलं तर आठही जणांना वीज, उतरलं असलं तर विचार करावा लागेल. कोणीतरी त्यांना दोराबद्दल सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, तुमच्या तृतीयेनंतर येतो, दोर बघून कागद करतो.

त्यानंतरचे आठ दिवस माझ्या ओट्यावर रीघ. शामकांत, कोणी एका शब्दाने मला भीड घातली नाही. तसं झालं असतं तर मी ताठ उभा राहिलो असतो, मला ते जमतं. लोक नुसते यायचे, बसायचे, सुपारी कातरायचे आणि वीज आल्यावर काय काय करणार ते सांगायचे. सरपंच आबासाहेब शाळेला पक्कं छप्पर घालणार होते. आपल्या पलीकडच्या मळ्यातला छगन, तुझ्याबरोबर चिंचा पाडायचा तो, म्हणाला, मोट हाकून हाकून खांदा उतरलाय, बैलांचा नाही, माझा. आणि त्याची बायको रतनबाई. ती ओट्यावर बसत नाही, दारातच उभी राहते. ती म्हणाली, "वीस वर्सं खालच्यांच्या उसात खुरपाया जाते बुवा. येकदा आपल्या उसात खुरपायचं हाय."

मुंबई-पुण्याची शहाणी माणसं वर्तमानपत्रात लिहितात की खेड्यातला माणूस बदलायला तयार नसतो. त्यांनी त्या आठ दिवसांत माझ्या ओट्यावर बसायला हवं होतं. विहिरीच्या पाण्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता असंही नाही. पण विहीर कायम होती आणि वीज येऊ घातली होती.

आणि नेमकं तेव्हा सुतक आलं. साहेबांनी येऊन एकोणसत्तर सालापर्यंतच्या गाठी पाहिल्या, बोटाने चाचपल्या, सगळ्या खेटून. कागदावर लिहिलं, पातळी स्थिर. पावसाळ्यानंतर खांब आले.

गेल्या वर्षीसारखा याही वर्षी पाऊस ओढूनताणून झालाय. दिवाळीला वहिनीने तुझ्या नावाने शंकरपाळे डब्यात भरून ठेवलेत. ये म्हणत नाही, नुसतं सांगतोय.

मार्तंड


खैरवाडी
१४ नोव्हेंबर १९७२

चि. शामकांत,

वर्षभर तुझ्या चार पत्रांना उत्तर दिलं नाही. हे लिहिण्याआधी इंदूने माझ्यासमोर दौत ठेवली आणि म्हणाली, आज सगळं लिहा, नाहीतर भावजींना मी लिहिते. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

ते सुतक तुझं होतं.

आता बसून वाच. सत्तर साली तृतीयेच्या तीन दिवस आधी, फटफटायच्या वेळी, मी दोर घेऊन एकटाच विहिरीवर गेलो. लोकांसमोर सोडण्याआधी आपण पाहून घ्यावं एवढंच मनात होतं. वजन चौदा हातांवर पाण्याला टेकायला हवं. टेकलं नाही. मी सोडत गेलो. तीन हात आणि वर एक वीत जास्त गेल्यावर टेकलं. मी पुन्हा मोजलं. आदल्या वर्षीचा पाऊस भरपूर होता, ओढा दिवाळीपर्यंत वाहिला होता. म्हणजे आभाळाने काही कमी केलं नव्हतं. पाणी पाच मोटारींनी नेलं होतं, आणि आणखी आठ रांगेत उभ्या होत्या.

घरी आलो तर छगन ओट्यावर बसलेला. गायीचा पहिला खरवस घेऊन आला होता. मला पाहून हसला. म्हणाला, "बुवा, खांब माज्या बांधावरनंच यायचाय." मी दोर उपरण्याखाली धरला होता. त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं, की बडोद्याचं कार्ड आलंय, शामकांत गेला.

का तू, असं विचारशील. कारण तुझी विचारपूस करायला कोणी येणार नव्हतं आणि तुझं पत्र कधी येईल असं मला वाटलं नव्हतं. आणि आता लपवून काय करू, तुझ्यावर राग होता. चोर म्हणालास तो. एकवीस वर्षं जपून ठेवला होता, तो असा उपयोगी पडला.

एकदा बोललो, मग पुढचं आपोआप जमत गेलं. मी जोशी, दिवसांचा हिशेब मला कोणी शिकवायला नको. तू जाऊन चार दिवस झाले होते, बातमी आज आली, म्हणून उरलेले सहा दिवस पाळायचे, आणि त्यात तृतीया बरोबर सापडते. कार्ड कुठे म्हणून कोणी विचारलं नाही, कारण तसलं कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नाहीत, फाडून टाकतात. सुतकात दोर खुंटीवरून काढत नाहीत. आणि तृतीया गेली की मोजणी पुढच्या वर्षीच. प्रत्येक रीत आजोबांनी घालून दिलेली, माझ्या पदरची एकही नाही. मी फक्त त्यांच्या आडोशाला उभा राहिलो.

वाईट वाटतं ते इंदूचं. तिलाही मी तेच सांगितलं. तिने डोक्यावरून पाणी घेतलं, सहा दिवस देवांना हात लावला नाही, आणि लग्न होऊन या घरात आली तेव्हा तू तिला पाटीवर बडोद्याचा नकाशा काढून दाखवला होतास ते आठवून रडली. जिवंत दिराचं सुतक मी त्या बाईला पाळायला लावलं. वर्षाने तुझं पत्र आलं त्या दिवशी तिला कळलं. ती तेव्हा का रडली आणि का बोलली नाही, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

इकडची स्थिती तुझ्या पेपरात येत असेल. पाऊस तिसऱ्या वर्षीही नाही. तृतीयेला गाठ तेवीस हातांवर होती. आता विहिरीत तळाचा चिखल दिसतो. गाव खडी फोडायला सरकारी कामावर जातंय, छगनसुद्धा, रतनबाईसुद्धा. रेशनला लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळतो, त्याची भाकरी थापताना तुटते. आणि वरच्या मळ्यातल्या विहिरी खोल आहेत, त्यांत अजून थोडं पाणी आहे, त्यावर उसाचं बेणं जगवणं चालू आहे.

तू आलास तर गावासमोर माझं खोटं उघडं पडेल, म्हणून तुला आधी ऊन आणि गुडघे सांगितले, मग वर्षभर उत्तरच दिलं नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण इंदूला एक ओळ लिही. तिचा काही दोष नाही.

मार्तंड


खैरवाडी
२ एप्रिल १९७३

चि. शामकांत,

हे 'चि.' आता मी लिहू का, असं तू विचारलं नाहीस, पण मीच लिहिताना अडखळतो. तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'माझ्या तेराव्याला गोड काय केलं होतं?' इंदू वाचून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मी हसलो नाही, कारण तेरावं मी केलंच नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. त्याचं तेव्हा मला नवल वाटलं नाही. आता वाटतं.

तुला एक काम सांगायचं आहे. विहीर आता कोरडी ठाक. टँकर चार दिवसांनी एकदा येतो. एरवी बायका कालव्याच्या चरापर्यंत जाऊन हंडे आणतात, जाऊन येऊन चार कोस. गावात दोन तट पडलेत. बायकांचं म्हणणं, पाऊस पडेपर्यंत वरच्या मळ्यातल्या मोटारी बंद ठेवा, म्हणजे गावविहिरीला पाझर येईल. आबासाहेबांचं म्हणणं, आभाळ कोपलं त्याला मोटारी काय करणार, बेणं मेलं तर पुढची तीन वर्षं गेली. ते वाईट माणूस नाहीत. शाळेचं छप्पर त्यांनी घातलं. पाऊस आला की आणखी अकरा मोटारींचे अर्ज तयार आहेत, आणि त्यांत एकालाही आपण कोणाचं पाणी तोडतो असं वाटत नाही. दोर पाहिला तर दोरही त्यांच्याच बाजूने बोलतो. एकोणसत्तरला पाणी जागेवर, एकाहत्तरला उतरलेलं, बहात्तरला आणखी. मधली गाठच नाही. पाहणारा म्हणेल, दुष्काळानेच उतरलं. भरल्या पावसाच्या वर्षी, पाचच मोटारी असताना ते उतरलं होतं, हे सांगणारी एकच गाठ होती आणि ती मी बांधली नाही.

यंदा तृतीयेला सगळं गाव विहिरीवर जमणार आहे आणि तिथेच मोटारींचा निकाल व्हायचा आहे. तू ये. काही बोलू नकोस, नुसता माझ्याशेजारी उभा राहा. तू दिसलास की मला दुसरी वाट उरणार नाही. मला माझा भरवसा नाही, रे. मी पुन्हा ऐन वेळी दुसऱ्या कोणाला तरी मारीन.

मार्तंड


खैरवाडी
८ मे १९७३

चि. शामकांत,

तृतीयेला का आला नाहीस ते कळलं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. डोळ्यावर पट्टी असताना ते कार्ड कोणाकडून लिहवून घेतलंस? अक्षर सरळ होतं, त्यामुळे आधी मी घाबरलोच. पण सही तुझी, कललेली.

झालेलं सांगतो. सकाळी सातला गाव जमलं. पाणी नाही तरी गाव जमलं, सवय म्हणून. मी दोर घेऊन काठावर उभा राहिलो. तेवढ्यात भीमा पोस्टमन गर्दीतून पुढे आला. म्हणाला, गावाच्या नावाचं कार्ड आहे, मोठ्यानं वाचू का. आबासाहेब म्हणाले, वाच. त्याने वाचलं.

'समस्त खैरवाडीकरांस. मी शामकांत गोविंद जोशी जिवंत आहे, सत्तर सालीही होतो. मार्तंडाला बोलू द्यावं.'

मला वाटलं, आता एकच गिल्ला होईल. कोणी हललं नाही. मी बोलायला लागलो. पहाटे एकटा आलो, दोर सोडला, पाणी उतरलेलं होतं, मग मी सुतक रचलं, सगळं सांगितलं. किती हात उतरलं होतं तेवढं सांगायचं राहिलं.

भीमा माझ्या जवळच होता. तो हलकेच म्हणाला, "ठाऊक हुतं, बुवा. कार्ड म्या आनलंच न्हवतं, तर येईल कुटनं?"

मी छगनकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "भीमानं तवाच सांगितल्तं. आमाला तेच पायजे हुतं."

शामकांत, तीन वर्षं मी समजत होतो की गावाला मी फसवलं. मला त्या समजुतीचा थोडा अभिमानच होता असं आता वाटतं. गावातल्या कोणी तुझ्या तेराव्याचं जेवण मागितलं नाही ते यामुळे. शेजारच्या बायका इंदूच्या समाचाराला आल्या, तिच्याजवळ बसल्या, आणि त्यांतल्या काहींना माहीत होतं की ती फुकट रडते आहे. मी विहिरीच्या काठावरच खाली बसलो.

मग आबासाहेब बोलले, आणि खरं बोलले. म्हणाले, झालं ते झालं, पण बुवा आता जो आकडा सांगतील तो कसा धरायचा? ज्या माणसाने जिवंत भाऊ मारला त्याने तीन हात म्हटले काय आणि तेरा म्हटले काय. तीन हात एक वीत हा आकडा जिभेवर होता आणि तो बोलून काही उपयोग नव्हता. इतकी वर्षं दोराला मान होता तो दोर धरणारा खोटं बोलत नाही म्हणून. तो मान मी घालवला होता.

गर्दीच्या मागे रतनबाई उभी होती. ती घरी गेली. मला वाटलं, कंटाळून गेली. परत आली ती पोहऱ्याचा दोर घेऊन, तोच, ज्याने ती रोज पाणी शेंदायची. गेले सहा महिने तो आढ्याला टांगलेला होता. तिने तो धुळीत लांब पसरला. त्याला जोड होते. मूळ दोर, मग एक जोड, मग दुसरा, मग तिसरा. पाणी खाली जाईल तसा बायका दोराला तुकडा जोडतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणून कोणी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या जोडावर बोट ठेवून ती म्हणाली, हा आमच्या नातवाच्या, गोरक्षच्या जन्माच्या सालचा, चैतातला. गोरक्ष तिच्या पदराला धरून उभा होता. तीन वर्षं पुरी व्हायची आहेत.

मग कडूबाई तिचा दोर घेऊन आली. लंकाबाई आली. पुष्कळींचे दोर नवे होते, पण सात जणींचे जुने निघाले. कोणी लेकीच्या लग्नावरून साल सांगितलं, कोणी म्हैस मेल्यावरून, एकीने नवरा शिडीवरून पडल्यावरून. सातही पहिले जोड त्याच उन्हाळ्याचे. मी माझा दोर त्यांच्याशेजारी पसरला. रतनबाईने आपल्या पहिल्या जोडाचा तुकडा हाताने मोजला, माझ्या दोरावर चौदा हातांच्या गाठी पाहिल्या, तिथून तेवढेच तीन हात भरले, मग थोडं पुढे सरकली आणि दोरावर अंगठा दाबला.

"हितं बांदा, बुवा," ती म्हणाली. "आमच्या दोराला सुतक नसतं."

मी मोजून पाहिलं. तीन हात आणि एक वीत. हळदीचं सूत काढलं आणि तिच्या अंगठ्याखाली गाठ मारली. शेवटचा फेर तिनेच ओढून दिला. साठ वर्षांत त्या दोराची गाठ आपल्या घराबाहेरच्या हाताने पहिल्यांदाच आवळली.

माझं झाल्यावर मी रतनबाईला विचारलं, तुला माहीत होतं तर तेव्हा का बोलली नाहीस? ती म्हणाली, आपल्या उसात खुरपायचं होतं म्हणून. मग म्हणाली, खुरपलं दोन वर्षं. चांगलं वाटलं. तिने ते लाजून सांगितलं नाही की तोऱ्यात सांगितलं नाही. मला वाटतं, मीही तुला असंच सांगायला हवं होतं, पहिल्याच पत्रात.

निकाल म्हणशील तर अर्धाच लागला. छगन उठून मळ्यात गेला आणि मोटारीचे फ्यूज काढून आणून माझ्या पुढ्यात ठेवले. पाऊस पडेपर्यंत, म्हणाला, त्यानंतरचं त्यानंतर. त्याच्यामागून चौघांनी आणले. बाकी आठ मोटारी चालू आहेत. आबासाहेबांच्या दोन त्यांतल्याच, पण नव्या अकरा अर्जांचे कागद त्यांनी कपाटात ठेवलेत आणि किल्ली माझ्यासमोर खिशात घातली. यातून काय निघेल मला ठाऊक नाही. फ्यूज देवघरात ठेवलेत. इंदू रोज त्यांच्यावरची धूळ पुसते.

आज सकाळी बायका सांगत आल्या की विहिरीच्या तळाशी, उगवतीच्या कपारीला ओल आली आहे. मी वाकून पाहिलं, मला काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, आहे. मग असेल.

पट्टी सुटली की ये. ऊन आहे, छप्पर अजून उतरवलेलंच आहे, स्टेशनापासून बैलगाडीच आहे, आणि पाणी मोजून मिळेल. शंकरपाळे ताजे करायला इंदूने तेल राखून ठेवलंय. दोर तुमच्या घरचा, पुढच्या तृतीयेला गाठ तूच मार, मी जवळ उभा राहीन. फक्त गाठ मारण्याआधी रतनबाईला विचार.

तुझा,
मार्तंड